चाकामागची रुपेरी वाटी

घटस्थापनेनंतरच्या रविवारी सकाळी आमच्या उंब्रजच्या अंगणात भाच्यानं गाडीचं पुढचं डावं चाक काढायला घेतलं. नट सुटले, चाक मात्र सुटेना. हबच्या कडेला गंजानं ते असं धरून ठेवलं होतं की रबरी हातोडीचे चार दणके बसल्यावरच हललं. चाक भिंतीला टेकवून तो बाजूला झाला, आणि अकरा वर्षं ज्या वस्तूच्या भरवशावर मी घाट उतरत आलो ती वस्तू मी पहिल्यांदा दोन हातांवरून, समोरासमोर पाहिली.

ब्रेकची डिस्क. बिडाची जाड तबकडी. तिचा बाहेरचा रुंद पट्टा दोन्ही अंगांनी ब्रेकपॅड चिमटीत धरतात, म्हणून तो सतत घासला जातो आणि आरशासारखा राहतो. मधोमध मात्र कोणी वाटी उपडी घालावी तसा उंचवटा असतो, आणि त्यातून चाकाचे चार बोल्ट बाहेर डोकावतात. इंग्रजीत या उंचवट्याला हॅट म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री त्याला वेगळं नाव देत नाहीत, त्यांच्या लेखी सगळी मिळून डिस्कच. मी वाटी म्हणतो, कारण ती दिसते तशी. आमटीची वाटी धुऊन ओट्यावर पालथी घालावी, अगदी तशी.

गाडीला लोखंडी चाकं आणि त्यांवर प्लास्टिकची झाकणं होती तोवर ही वाटी कुणालाच दिसत नव्हती. अलॉयची चाकं बसवली आणि त्यांच्या मोकळ्या आऱ्यांमधून आतलं तांबूस काहीतरी डोळ्याला बोचू लागलं. बाहेर धुतलेला पांढरा पत्रा, चकचकीत आरे आणि त्यांच्या आड ते गंजकं. भाच्याच्या मनात बरेच दिवस होतं की दसऱ्याच्या पूजेआधी वाट्या रंगवायच्या. आमच्या भागात बैलाला बेंदूर असतो तसा गाडीला दसरा. मी खुर्ची टाकून बसलो, मधेमधे टॉर्च धरला, थिनरची बाटली पुढे केली. काम सगळं त्याचं. पण त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं त्यात एखाद्या चांगल्या चित्रासमोर उभं राहिल्याचा आनंद होता, आणि तो आनंद नेमका कशाचा होता हे मला नीट सांगायचं आहे.

सुरुवात गंजापासून करायला हवी, कारण या चित्राचा कॅनव्हास तोच. जवळून पाहिलं तर तो एका रंगाचा नव्हता. वाटीच्या कडेवर तो ओल्या विटेसारखा होता, वाटी पट्ट्याला मिळते त्या मानेच्या खाचेत काळपट, बोल्टांभोवती सुपारीच्या खांडासारखा फिकट. काही ठिकाणी त्याचे पापुद्रे सुटले होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो फुगतो आणि पापुद्र्यांनी उठतो. पट्ट्यावरही गंज येतोच. रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी पाहावं तर सगळी डिस्क नारिंगी झालेली असते. पण गाडी फाटकाबाहेर काढून पहिला ब्रेक दाबला की खर्रकन आवाज येतो आणि पॅड तो पुसून टाकतात. वाटीला असं रोजचं स्नान नाही. तिला कोणी घासत नाही. ब्रेक दाबल्यावर चाक थांबवणारा सगळा जोर या वाटीतूनच हबपर्यंत आणि चाकापर्यंत पोचतो, पण तो भार वाहताना तिला पॅडचा स्पर्श होत नाही. पट्टा झिजतो आणि स्वच्छ राहतो. वाटी झिजत नाही आणि गंजते.

बीड आमच्या मुलखाला नवं नाही. औंध संस्थानातल्या माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली किर्लोस्करवाडी बिडाच्या नांगरांवर उभी राहिली. लोखंडाचा फाळ जमिनीला विष लावील अशी शंका त्या वेळच्या शेतकऱ्यांना होती, तिच्यावर मात करत ते नांगर शेतात गेले. साताऱ्यात 1922 पासून कूपर यांचा कारखाना. आज कोल्हापूरजवळ शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात मोटारींच्या भागांसाठी बीड ओतणाऱ्या भट्ट्या आहेत. बिडात शंभराला तीन-साडेतीन भाग कोळशाचं तत्त्व असतं आणि ते ग्रॅफाइटच्या बारीक चकत्यांच्या रूपात धातूत पसरलेलं असतं. त्यामुळे बीड उष्णता झटकन पसरवतं आणि थरथर गिळून टाकतं. डिस्कला हेच दोन गुण लागतात. भाच्यानं तारेचा ब्रश फिरवल्यावर गंजाखालून करडा धातू वर आला, तो मी बोटानं चोळून पाहिला. बोट पेन्सिलीनं माखावं तसं काळं झालं. शिशपेन्सिलीतलं आणि बिडातलं ते काळं एकच.

घरात बिडाचा तवा असलेल्या प्रत्येकाला गंज ठाऊक असतो. दोन दिवस तेलाचं बोट फिरवलं नाही की तवा तांबूस पडतो, आणि रोज भाकरी होणारा तवा काळाभोर, तुळतुळीत राहतो. तव्याला तेल हा उपाय आहे. डिस्कला तेलाचा थेंब म्हणजे घात. पॅडनं तेल शोषलं की ब्रेक लागत नाही. म्हणजे ज्या धातूला आपण पिढ्यान्‌पिढ्या तेलानं राखत आलो त्याच धातूला इथे तेल वर्ज्य. मग उरतो रंग, आणि रंगालाही या तबकडीवर फार थोडी जागा मोकळी आहे. या कामाची सगळी खुमारी त्या थोड्या जागेत आहे.

तयारीला दीड दिवस लागला आणि रंगाला तासभर. बेंदराला बैल सजवताना पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. आदल्या रात्री खांदमळणी होते. शिंगं आधी तासून, घासून गुळगुळीत करतात आणि मग त्यांवर हिंगूळ चढतो. शिंग खरखरीत ठेवून वर रंग ओतणाऱ्या माणसाचा बैल मिरवणुकीत उठून दिसत नाही, आणि पंधरा दिवसांत त्याचा रंग पापुद्र्यांनी गळतो. भाच्यानं ते शिंगांवर कधी केलेलं नाही. त्याच्या वाढत्या वयात आमच्या गोठ्यात बैल उरला नव्हता. पण हात तसाच चालत होता.

आधी त्यानं मागच्या चाकांना दगड लावले, हातब्रेक ओढला, जॅकनं गाडी उचलली आणि लगेच खाली लोखंडी घोडी दिली. जॅकच्या भरवशावर त्यानं एकदाही आत हात घातला नाही. मग ओल्या फडक्यानं ब्रेकची काळी धूळ टिपून घेतली. मी सवयीनं फुंकर मारायला वाकलो तर म्हणाला, “मामा, फुकू नका. ही धूळ छातीत जाऊ द्यायची नाय.” मग तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, आणि शेवटी थिनरचं फडकं. फडकं काळं येतंय तोवर पुन्हा थिनर. केरोसीन घरात होतं, ते त्यानं घेतलं नाही. केरोसीन मळ काढतं पण स्वतःचा तेलकट थर मागे ठेवतं, आणि त्यावर रंग धरत नाही.

या घासण्यातच दोन दिवसांतली सर्वांत सुंदर गोष्ट घडली.

वाटीच्या उभ्या अंगावर गंजाच्या जाड पापुद्र्याखाली काहीतरी उठावाचं आहे असं त्याला ब्रश अडखळल्यावर कळलं. त्यानं ब्रश बाजूला ठेवला आणि पितळी तारांचा लहान, मऊ ब्रश घेतला. हळूहळू अक्षरं वर येऊ लागली. आधी एक आकडा, मग त्याच्यामागे एक खूण, मग पुन्हा आकडे. डिस्कची किमान जाडी तिथे ठोकलेली होती, वीस मिलिमीटर. नवी असताना ही डिस्क बावीस मिलिमीटर जाड असते. घासत घासत वीसवर आली की ती काढून टाकायची, असा तो बनवणाऱ्यानं लिहून ठेवलेला निरोप. शेजारी ओतकामाच्या घाण्याची खूण असावी तसे दोन आकडे होते. अकरा वर्षं तो निरोप चाकाबरोबर फिरत होता. उंब्रजहून कराडला, साताऱ्याला, पंढरपूरला. वाचणारं कोणी नव्हतं.

शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांचा आनंद मला त्या क्षणी थोडासा कळला. आमच्या भागातल्या कितीतरी देवळांत दाराच्या चौकटीवर ओळी कोरलेल्या असतात आणि त्यांवर ऑइलपेंटचे इतके हात बसलेले असतात की अक्षराची खाच बोटालाही लागत नाही. भक्तीनं केलेलं असतं ते, पण त्यानं लेख मुका होतो. काळ्या दगडाच्या देवळाला निळा किंवा गुलाबी ऑइलपेंट दिलेला पाहिला की मला आजही वाईट वाटतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच 2022 मध्ये उतरवलं तेव्हा आतली कोरीव मूर्ती लोकांना दिसली. कितीतरी पिढ्यांनी पाहिलं नव्हतं असं रूप. थर चढवणं सोपं असतं. कोणत्या थराखाली काय झाकलं जाईल याचं भान ठेवून हात चालवणं अवघड.

भाच्यानं तो आकडा दिसल्याबरोबर ठरवलं की रंग पातळच द्यायचा. दोन हात, तेही पुसट. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर मी तिरपा टॉर्च धरून पाहिलं. वीसचा आकडा रुपेरी रंगाखालून स्पष्ट वर आलेला होता, कडा शाबूत. त्या एका गोष्टीसाठी मी या कामाला पूर्ण गुण देतो.

आता सीमेबद्दल. या तबकडीवर रंग लागू नये अशा जागा तीन, आणि तीनही ठिकाणी तो का लागू नये याचं कारण निराळं. पहिली म्हणजे घासणारा पट्टा. तिथे लागलेला रंग पॅड खरवडून काढतील, पण काढताना स्वतः माखतील आणि पहिले काही ब्रेक कमी लागतील. ही सीमा मास्किंग टेपनं राखता येते. दुसरी जागा वाटीच्या आतली, जिथे डिस्क हबवर बसते. आमची डिस्क गाडीवरच होती, त्यामुळे तिथे ब्रश पोचणारच नव्हता. तिसरी जागा मात्र फसवी. वाटीचा सपाट माथा, ज्यावर अलॉयचं चाक येऊन टेकतं. समोरून पाहणाऱ्याला सगळा माथा रंगवावासा वाटतो. पण तिथे रंगाचा ओघळ राहिला तर चाक सपाट बसत नाही. रंगाच्या दोन हातांचा थर साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा होतो, आणि डिस्क फिरताना किती डुलली तर चालेल याची मर्यादा बहुतेक गाड्यांत त्याच्याच आसपास असते. शिवाय नटाखाली, चाकाखाली दबलेला रंग उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेनं मऊ पडून दबतो आणि आवळलेले नट सैल होतात.

मी विचारलं, “मग कुठवर रंगवायचं ते कसं ठरवणार?” त्यानं बोट ठेवलं. माथ्यावर एक गोल खूण होती. अकरा वर्षं चाक जिथे टेकलं होतं तिथला धातू स्वच्छ करडा, त्याच्या बाहेर गंज. चाकानंच आपली जागा आखून ठेवली होती. भाच्यानं टेपच्या बारीक पट्ट्या फाडून ती खूण गोलाकार झाकली, ब्लेडनं जादा टेप कापला, बोल्टांवर कागदाच्या नळ्या चढवल्या, पॅड धरणाऱ्या कॅलिपरवर ‘पुढारी’चं पान गुंडाळलं. आणि मग रंगवायला उरली ती फक्त माथ्याची बाहेरची कड, उभं अंग आणि मानेची खाच. तळहाताएवढी जागा असेल नसेल.

त्यानं स्प्रेचा डबा घेतला नाही, ब्रश घेतला. स्प्रे जिथे जाऊ नये तिथे जातो. गाडी न्यूट्रलला होती, दुसरं चाक जमिनीवर, त्यामुळे उचललेल्या बाजूची डिस्क हातानं फिरत होती. त्यानं डाव्या हातानं डिस्क सावकाश फिरवली आणि उजव्या हातातला ब्रश एका जागी स्थिर धरला. रेघ त्यानं ओढली नाही, डिस्कनं ब्रशखालून आपली रेघ स्वतः ओढून घेतली. कुंभाराच्या चाकावर मडक्याच्या गळ्याशी काठी टेकवली की कंगोरा उमटतो ना, तसं. हात कापणाऱ्या माणसालाही गोल रेघ या रीतीनं गोलच येते. मला हे पाहताना अंगावर रोमांच आले. पॅडचा डिस्कला हलकासा स्पर्श असतो, त्यामुळे ती मधेच किंचित अडखळे आणि त्या जागी ब्रशचे दोन केस जास्त टेकत. ती जागा मी आजही दाखवू शकतो.

रंगाबद्दल आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं, आधी रेड ऑक्साइडचा हात दे. फाटकाला, खिडकीच्या गजांना, विहिरीच्या पंपाच्या पायाला आपण तोच देतो. तो म्हणाला, “मामा, त्याला ऊन सोसतं, ब्रेकची आग सोसत न्हाय.” त्याचं बरोबर होतं. रेड ऑक्साइडमधला रंग टिकेल, पण त्याला धरून ठेवणारं तेलाचं बंधन जळून जाईल. पण त्या निमित्तानं मी बराच वेळ त्या तांबड्या रंगाचा विचार करत बसलो. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा भस्मरंग. गंज आणि तो जातीनं भाऊबंदच. तुळशीवृंदावनाला आपण सारवतो तो गेरूही तोच. लोखंडाला गंजापासून वाचवायला आपण गंजाच्याच कुळातला रंग लावतो, हे मला नेहमी आवडत आलं आहे. आणि शेंदूर तर या कामाला त्याहून जवळचा. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं भस्म, आणि जवसाच्या तेलात कालवलेला हाच तांबडा शिशाचा रंग जगभरच्या लोखंडी पुलांना नि जहाजांना कित्येक दशकं गंजरोधक पहिला हात म्हणून दिला जाई. शिसं विषारी म्हणून तो आता मागे पडला.

उंब्रज समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचं गाव. तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथलं हे गाव, आणि इथला मारुती शके 1571 मधला, म्हणजे 1649 चा. गावोगावच्या मारुतीला शेंदूर चढवताना मी लहानपणापासून पाहिलं आहे. तेलात कालवलेला शेंदूर सगळ्या अंगावर चढतो, पण जिथे चांदीचे डोळे आहेत तिथे पुजाऱ्याचं बोट थांबतं. कडेकडेनं वळतं, थेंब ओघळला तर लगेच पुसतं. डोळ्यावर शेंदूर येऊ द्यायचा नाही. मूर्ती पाहते ती त्या न रंगवलेल्या जागेतून. भाच्याचा ब्रश टेपच्या कडेशी वळताना मला तेच बोट आठवलं. त्याला मी तेव्हा काही बोललो नाही.

रंग त्यानं निवडला तो सायलेन्सरला आणि बॉयलरला लावतात तो रुपेरी, उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा रंग. डब्यावर सहाशे अंश लिहिलेलं. तरुण मुलांना या जागी लाल आवडतो. काही वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका दुकानात ओळखीच्या एकानं हौसेनं कॅलिपर नि डिस्कच्या वाट्या लाल करून घेतल्या होत्या. गंज न काढता वरून फवारा मारलेला. घासलेल्या पट्ट्याच्या कडेवर लाल, बोल्टांच्या आट्यांत लाल, सगळीकडे लाल. पहिल्या पावसाळ्यात तो पोपड्यांनी निघाला आणि निघाला नाही तिथे भाजून विटकरी झाला. पण तो टिकला असता तरी माझं मत बदललं नसतं. लाल रंग आऱ्यांमधून ‘मला पाहा’ म्हणून ओरडतो. रुपेरी तसं करत नाही. उघड्या बिडाचा घासलेला पट्टा आणि रंगवलेली वाटी, दोन्ही करड्याच्या दोन छटा. एक चकाकणारी, एक मंद. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की सगळी डिस्कच अशी घडलेली आहे. जवळ जाणाऱ्यालाच ती सीमा दिसते. चांगल्या कारखान्यांतून येणाऱ्या काही डिस्कवर जस्त-ॲल्युमिनियमचा पातळ करडा लेप आधीच असतो. पहिल्या काही ब्रेकांत तो पट्ट्यावरून निघून जातो आणि वाटीवर राहतो. भाच्यानं हातानं त्याच रूपाशी जुळवून घेतलं, हे मला त्याच्या रंगनिवडीतलं खरं शहाणपण वाटतं.

आता उणं सांगतो, कारण आवडलेल्या गोष्टीतलं उणं दाखवलं नाही तर आवडणं अर्धवट राहतं. उजव्या डिस्कची खालची कड डाव्याइतकी सुबक नाही. तिथे टेपच्या सांध्यातून रंग केसभर आत शिरला आणि पट्ट्याच्या कडेवर एक पुसट चंद्रकोर उमटली. पॅड तिथवर पोचत नाहीत म्हणून ती आजही आहे. मानेच्या खाचेत एका ठिकाणी ब्रश जास्त ओला होता, रंग साचला आणि वाळताना सुरकुतला. आणि माझ्या मते दुसरा हात द्यायला त्यानं घाई केली. डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण व्हायला अर्धा तास बाकी होता, ढग दाटले होते, म्हणून त्यानं उरकलं. आश्विनातल्या ढगाला आमच्याकडे फार भ्यायचं नसतं.

चाकं चढवताना हबच्या कडेला त्यानं बोटभर ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी हातोडी नको. पट्टा पुन्हा एकदा थिनरनं पुसला. नट आधी हातानं, मग पान्यानं आडवे-तिडवे, समोरासमोरचे, एकाच बाजूनं नव्हेत. शेवटची आवळ गाडी खाली उतरवल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या मापानं. खंडेनवमीला पाना, जॅक, तारेचा ब्रश नि ती रंगाची डबी सगळं पाटावर मांडून त्याची पूजा झाली, दसऱ्याला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू.

हा रंग डब्यात अर्धा आणि रस्त्यावर अर्धा तयार होतो. हाताला कोरडा लागला तरी त्याचं बंधन पक्कं होतं ते तापून. म्हणून दसऱ्यानंतर आम्ही मल्हारपेठेवरून पाटणला आणि तिथून कोयनानगरवरून कुंभार्लीच्या तोंडाशी गेलो. आधी सपाटीवर हलके ब्रेक, मधे थोडा दम, मग थोडे जोराचे. घाट उतरताना गिअर खालचा ठेवून गाडी धरली, नुसत्या ब्रेकवर सोडली नाही. पोफळीच्या आसपास थांबलो तेव्हा चाकांतून जळक्या रंगाचा उग्र वास येत होता. भाचा म्हणाला, “आता पिकतोय.” पिकतोय हा शब्द त्यानं वापरला, आणि आव्यात भाजणाऱ्या मडक्यासाठी आमची आजी तोच शब्द वापरायची. तापलेल्या डिस्कवर पाणी मारायचं नसतं, म्हणून परत येताना वाटेत ओढ्यात चाकं घातली नाहीत. घरी येऊन टॉर्चनं पाहिलं. रुपेरी रंग किंचित गडद झाला होता, कुठे फुगला नव्हता, कुठे उडाला नव्हता.

परवा कराडच्या एका गॅरेजात गाडी तपासायला दिली होती. मिस्त्रीनं चाक काढलं, वाटीकडे पाहिलं, बोटानं वीसच्या आकड्यावरून हात फिरवला आणि न विचारता मायक्रोमीटर आणायला गेला. डावी डिस्क वीस पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर भरली, उजवी वीस पूर्णांक सात. अजून एखादं वर्ष, असं तो म्हणाला. नव्या डिस्क येतील तेव्हा त्या बसवण्याआधी रंगवायच्या, म्हणजे टेपचा सांधा चुकणार नाही, असं भाच्यानं ठरवून टाकलं आहे. जुन्या दोन मी भंगारात देणार नाही.